बारा शब्दांची तिजोरी

मी, भाषांतर कचेरीतला निवृत्त वरिष्ठ भाषांतरकार, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली नसताना (सौ. शेजारच्याच खोलीत आहे, तरीही) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सौ.ने तो दोनदा वाचून विचारले, "किती पैसे दिलेत त्यांना?"

कलम एक. राहते घर, भांडीकुंडी, कपाटे व गळका नळ सौ.च्या नावे. नळ मी दुरुस्त करणारच होतो, याची नोंद घ्यावी.

कलम दोन. पुस्तके कन्येस. माझ्या भाषणांच्या वह्याही तिलाच. रद्दीत द्यायच्या झाल्या तरी निदान वाचून द्याव्यात.

कलम तीन. मोबाइल. इथे सविस्तर लिहिणे भाग आहे.

सौ.ने शिवणवर्ग बंद केला, सातही यंत्रे विकली आणि आलेली रक्कम म्हातारपणासाठी विश्वासाने माझ्या हवाली केली. मी जन्मभर सभा गाजवून सांगत आलो की, ज्याच्या तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, तो माणूस स्वतंत्र नव्हे! बोललो तसा वागलो. त्या रकमेचे क्रिप्टो नावाचे आभासी चलन घेतले आणि त्याची किल्ली एका जुन्या मोबाइलमध्ये ठेवली. सिम काढले, नेट कायमचे तोडले. जो मोबाइल जगाशी बोलत नाही, त्याला जग लुटू शकत नाही.

"पैसे कुठं ठेवलेत?" सौ.ने विचारले.

"मोबाइलमध्ये."

"मग फोन लावून विचारा, बरे आहेत का."

जावई म्हणाला, "बाबा, सारखा चार्जिंगला ठेवू नका, बॅटरी फुगेल." जावयाकडून शिकायचे नाही, हे माझे तत्त्व. वर्षभर चार्जिंगला ठेवला. फुगून टम्म झाला आणि गेला. सबब, चार्जर जावयास. त्याचे खरे ठरले, एवढा वारसा त्याला पुष्कळ झाला.

दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, घाबरू नका. सुरुवातीला बारा इंग्रजी शब्द दिले असतील ना? ते क्रमानं घातले की दुसऱ्या मोबाइलवर सगळं परत येतं."

मी ताठ मानेने ते शब्द उतरवलेली वही पुढे केली.

"हे मराठीत का?"

"मग? माझ्या तिजोरीला परक्या भाषेचं कुलूप? भाषांतर केलं आणि मूळ कागद जाळून टाकला."

त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "काका, 'नौका' म्हणजे शिप, बोट की व्हेसल?"

चोराने बोट लावले नव्हते. मीच माझ्या घरावर दरोडा घातला होता, तोही शुद्धलेखनाचे नियम पाळून.

कलम चार. सात शब्द आठवले, पाच उरले. माझ्या कोणत्या मराठी शब्दामागे कोणता इंग्रजी शब्द दडलेला असतो, हे जगात एकच माणूस जाणतो: कचेरीत समोरच्या टेबलावर बसून सव्वीस वर्षे माझे मसुदे तपासणारा. त्याला सगळे 'कोश' म्हणत. अकरा वर्षे आमचे बोलणे नाही. पुराच्या इशाऱ्यात मी लिहिले होते, 'नदीच्या पेढीवर राहणाऱ्यांनी त्वरित स्थलांतर करावे.' मूळ इंग्रजीत 'बँक' होते. त्याने अख्ख्या कचेरीदेखत विचारले, "फक्त खातेदारांनी, की कारकुनांनीही?" मी त्याला भाषाद्रोही म्हटले आणि त्याच्यावर तीन भाषणे ठोकली. टाळ्याही मिळाल्या.

आता लेखी नमूद करतो: चूक माझी होती. इशारा बाहेर गेला, तेव्हा त्यात 'काठ' होते. त्यानेच गुपचूप दुरुस्त करून पाठवले होते. हे मला तेव्हाही माहीत होते.

कलम पाच. साक्षीदाराला वारसा देऊ नये म्हणतात, म्हणून कोशाला मी काहीही देत नाही. त्याचा दोन खंडांचा शब्दकोश तेवढा परत करतो. भांडणाच्या आधी मागून आणला होता. हा कागद आणि वही घेऊन सौ.च त्याच्याकडे जाईल, मला तोंड नाही. शब्द जुळले तर पैन् पै सौ.ची. न जुळले तर तिने मला क्षमा करावी. ही आज्ञा नव्हे. आज्ञा तिने कधी ऐकलेली नाही.

स्थळ: स्वयंपाकघर, गळक्या नळाजवळ.
दिनांक: ९ मार्च.
सही: (आहे. मराठीत.)

साक्षीदार पहिला: मोबाइल दुरुस्तीवाला. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: कोश. सही करताना पाहिले नाही. अक्षर मात्र ओळखतो. 'नौका' म्हणजे व्हेसल. शिपला याला कायम 'जहाज' सुचते आणि बोटीला 'होडी'. उरलेले चार शब्द समोरासमोर सांगीन, वहिनींना हेलपाटे घालायला लावू नयेत. मरायची घाई नको. पत्ता तोच: नदीच्या पेढीवर, तिसरे घर.