चिंचोक्यांची निवडणूक

बाई,

शेजारची एक मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. राज्यशास्त्रातल्या शंका साठल्या की माझ्याकडे येते. काल तिने विचारलं, "मॅडम, लोकांनी चुकीचंच निवडलं तर कुणी थांबवायचं?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं: न्यायालय, विरोधी पक्ष, पुढची निवडणूक. तिने ते लिहून घेतलं आणि गेली. हाच प्रश्न मी नांदेडला तुमच्या खोलीच्या दारात उभी राहून, तणतणत विचारला होता. तेव्हा तुम्ही असं पुस्तकातलं उत्तर दिलं नव्हतं. "आधी आत ये, दारात उभं राहून भांडू नको," हे तुमचं पहिलं वाक्य होतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. गोदावरीच्या वाळूत झिरे खोदून बाया पाणी भरत होत्या, गावोगावची माणसं खडी फोडायला जात होती, आणि आम्ही मुली एम.ए.ला बसून राज्य म्हणजे काय, पक्ष म्हणजे काय, हे शिकत होतो. शिकवत तुम्हीच होता आणि वसतिगृहाच्या रेक्टरही तुम्हीच. मेस मात्र तुम्ही हातात घेतली नाही. ती मुलींनीच चालवायची आणि दर सत्राला सेक्रेटरी निवडायची, हा तुमचा नियम. कोठीच्या खोलीत चादर आडवी बांधायची, तिच्यामागे प्रत्येक उमेदवाराचा एक रिकामा तेलाचा डबा ठेवायचा, आणि प्रत्येकीने एक चिंचोका घेऊन आत जायचं. मोजणी अंगणात, सगळ्यांसमोर. एखादी मुलगी हसली की तुम्ही म्हणायचात, "दिल्लीला कागद टाकतात, आपण चिंचोका टाकतो. फरक तेवढाच."

त्या सत्राला मी उभी राहिले. समोर अर्धापूरची एक मुलगी, केळीच्या बागाईतातली, गोरी, हसरी, सगळ्यांना अक्का म्हणणारी. मी फळ्यावर सूचना लावली. रेशनवर मिलो, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळतोय तो घ्यायचा, त्याचीच भाकरी खायची, गोडधोड बंद, पाणी जपून. असं केलं नाही तर मेस परीक्षेपर्यंत टिकणार नाही, मेस बंद पडली की वसतिगृह बंद, आणि यंदा घरी गेलेली मुलगी परत येते का याचा प्रत्येकीने विचार करावा. अक्षर चांगलं काढलं होतं. त्याखाली सही केली आणि अभ्यासाला बसले. ती मात्र खोल्या-खोल्यांतून फिरली. कुणाच्या पलंगावर बसली, कुणाची वेणी घालून दिली, आणि म्हणाली, "मिलो काय माणसांनी खायचा असतो का गं? मी आले की पांढरी भाकर. अन् रविवारी गोड." माझ्या डब्यातले चिंचोके मोजायला वेळ लागला नाही.

मी तडक तुमच्याकडे आले. निवडणूक रद्द करा म्हणाले. रेक्टर आहात, करू शकता. तिने शक्य नाही ते कबूल केलंय, मुली भुलल्यात, आणि भोगणार आहेत किनवटच्या मुलीसारख्या. ती माझ्या खोलीतली. तिच्या लग्नासाठी मामाकडे मुलगा ठरलेलाच होता, फक्त ती घरी यायची वाट होती. तुम्ही शांतपणे चष्मा पुसत होता.

"तू मत मागायला किती खोल्यांत गेलीस?"

"मागायचं काय, बाई? बरोबर तेच लिहिलं होतं."

"मग फळ्याचं एक मत तुला पडायला हवं होतं."

मला हसू आलं नाही. "म्हणजे लोक चुकले तरी चुकू द्यायचे?"

"लोक तुला विचारून चुकणार नाहीत. हरलीस, आता विरोधी पक्ष हो. त्यालाही काम असतं." आणि दार लावून घ्यायला सांगितलंत.

पांढरी ज्वारी बाजारात मिळायची, पण तिचा भाव त्या वर्षी चढत गेला. दोन रविवार गोड झालं. एकदा शिरा, एकदा लापशी. दोन्ही वेळा मी ताटावरून उठून गेले. मग कोठी रिकामी झाली. मी अंगणात बैठक बोलावली आणि अर्धापूरच्या मुलीला सगळ्यांसमोर उभं करून एकेक प्रश्न विचारला. ती रडायला लागली. मला वाटलं, आता मुलींना कळेल. मुली उठल्या आणि तिचे डोळे पुसायला लागल्या. "जाऊ द्या ना, तिनं काय मुद्दाम केलं का?" "तुला तर हेच पाहिजे होतं, न्हाई का गं?" उदगीरकडची एक तर मला हेडमास्तरीण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. ज्यांच्या ताटातलं गेलं होतं त्या हसत होत्या. त्या दिवशी मला जे दिसलं त्याला नंतर पुस्तकात 'लोकानुनय' असा शब्द भेटला. पण पुस्तकात त्याची अर्धीच बाजू असते. दुसरी बाजू किनवटच्या मुलीने खोलीत आल्यावर सांगितली. तिचाही चिंचोका मला पडला नव्हता.

"तुझं समदं खरं होतं," ती म्हणाली. "पण तू बोलून राहिली अशी, की आम्ही उपाशी मेलो तर तुला लई बरं वाटंल."

दुसऱ्या दिवशी तुम्ही नवं मतदान लावलंत. एका डब्यावर 'परीक्षेपर्यंत एकवेळ मिलो', दुसऱ्यावर 'मेस बंद, घरी'. मला हे भयंकर वाटलं. बागाईतवाल्या मुलींना घरी खायला होतं, त्यांची परीक्षा पुढच्या वर्षी झाली तरी बिघडत नव्हतं, आणि त्याच जास्त होत्या. ज्यांना परत येता येणार नव्हतं त्या मूठभर. आणि तुम्ही हात वर करून बाजूला झालात. मग मी मतं मागायला निघाले. पहिल्याच दाराशी काय बोलावं सुचेना. एवढ्यात मागून अर्धापूरची आली, डोळे अजून सुजलेले. "चल, मी बी येते. तुला बोलता येत न्हाई, मला हिशेब येत न्हाई." आम्ही दोघी प्रत्येक खोलीत गेलो. मी पलंगाच्या कडेला बसायला शिकले. किनवटच्या मुलीचं काय होईल हे मी सांगितलं, तिचं नाव घेऊन, फळ्यावरच्यासारखं नाही. अर्धापूरची मधेच म्हणायची, "माझंच चुकलं अक्का, पण हिला घालवू नका." तुम्ही जिन्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "आघाडी सरकार आलं वाटतं." मतदानात थोडक्यात निभावलं, मिलोचा डबा पुढे निघाला. परीक्षेपर्यंत आम्ही लाल भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. किनवटची पास झाली, आश्रमशाळेत शिकवायला लागली. तिचं लग्न पुढे तिच्या मनाने झालं.

यानंतर आपण त्यावर बोललो ते एकदाच. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी इथे कॉलेजात शिकवत होते. चौकाचौकात कमानी, आणि प्रत्येक कमानीवर वेगळा पुढारी म्हणत होता की जिल्हा मीच आणला. तुम्ही एसटीने बघायला आलात. "दोन मैलांत चार बाप मोजले एका जिल्ह्याला," म्हणत माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसलात. मी थालीपीठ लावत होते. गमतीच्या भरात मी विचारून टाकलं, "बाई, दुसऱ्या वेळी मतं उलटी पडली असती तर?"

"मेस बंद केली असती."

"आणि ती?"

"तिला माझ्या खोलीत ठेवून घेतली असती. माझ्या आईला सांगूनही ठेवलं होतं."

माझं थालीपीठ करपलं. मी रागावून म्हणाले, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत? आम्ही किती भ्यायलो होतो.

"सांगितलं असतं तर तू दारोदार गेली असतीस का?" तुम्ही म्हणालात. "मेस सगळ्यांची होती, तिचं सगळ्यांनी ठरवायचं. माझी खोली माझी. तिथे कुणाला झोपवायचं याला मतदान लागत नाही. आता ते थालीपीठ उलटव."

एवढी वर्षं मी वर्गात लोकशाही शिकवली. बहुमत, पक्ष, गोड बोलून मतं घेणारे, सगळं शिकवलं. तुमची ही दोन वाक्यं मात्र कधी सांगितली नाहीत. त्यांना कुठल्या प्रकरणात बसवायचं ते मला कळलं नाही. किनवटच्या मुलीलाही सांगितलं नाही. आपण मतांवर राहिलो असं ती अभिमानाने सांगते, आणि ते खरंच आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या वर्षी शिरूर अनंतपाळहून माझ्या वडिलांनीही दोनदा निरोप धाडला होता, आता पुरे, घरी ये. स्थळ त्यांनीही पाहिलं होतं. हे मी कुणालाच बोलले नव्हते. ना तुम्हाला, ना खोल्यांतून फिरताना. प्रत्येक दारात मी तिचंच नाव घेतलं. तुमची खोली मी पाहिली होती, बाई. दोन खाटा, एक तुमची, एक आईंची, आणि मधे चालण्यापुरती जागा. तुम्ही पाटावर बसून तिच्याबद्दल सांगत होता तेव्हा माझ्या तोंडाशी "आणि मी?" असं आलं होतं. मी तव्यावर दुसरं थालीपीठ लावलं.