तथागत वाचनालयाचं पान

१६ जानेवारी २०१२, सोमवार

विद्यापीठात जाऊन आलो! सातवीत शाळा सुटलेला माणूस, शहात्तराव्या वर्षी. गेटवर विचारतील म्हणून रेशनकार्ड नेलं होतं. कोणी विचारलं नाही.

नातीच्या, प्रियदर्शनीच्या वर्गाला विकिपीडियावर लिहायला शिकवणार होते. आपल्या वस्तीबद्दल लिहायचं, घरातलं जुनं माणूस आणलंत तरी चालेल, असं त्यांच्या पूर्वा मॅडमनी सांगितलेलं. म्हणून मी. हा जगातल्या लोकांनी मिळून लिहिलेला ज्ञानकोश. कॉम्प्युटरवर, फुकट. वर एक बटण – 'संपादन'. दाबलं की कोणीही लिहावं, कोणीही खोडावं!

मला राहवेना. हात वर केला. "मॅडम, कोणीही खोडणार, तर मग खरं टिकतं कसं?" मुलं हसली. मॅडम नाही हसल्या. "आजोबा, हाच प्रश्न मी परीक्षेत विचारणार होते. फोडलात की हो!" मग त्यांनी पानाचा 'इतिहास' उघडून दाखवला. कोणी, कधी, काय बदललं – सगळं तिथे राहतं. खोडलेलंसुद्धा.

खोडलेलंसुद्धा! बसमध्ये तेच डोक्यात. आपण काही चुकीचं लिहिलं आणि पोलिसांनी उद्या विचारलं तर? प्रियदर्शनी म्हणाली, "पोलिसांना दुसरी कामं आहेत, आजोबा."

१७ जानेवारी, मंगळवार

तिनं आमचं वाचनालय घेतलं लिहायला. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. काय बोटं चालतात!

विश्रांतवाडीत, आमच्या वस्तीत, १९५९ साली निघालं. इंदुबाई रोकडे यांनी काढलं; आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. कॅम्पातल्या बंगल्यांत भांडी घासायच्या. दिवाळीला मालकीण जुनं लुगडं द्यायला लागली की म्हणायच्या, "लुगडं राहू द्या, जुनं पुस्तक असलं तर द्या." धम्म घेऊन तीन वर्षं झाली होती. देव्हाऱ्यातले देव नदीत सोडलेले, कोनाडे रिकामे. पुस्तकं त्या कोनाड्यांत ठेवली. वस्तीतल्या मोठ्या माणसांत वाचता येणारा मी एकटा. संध्याकाळी मोठ्यानं वाचायचो. वहिनी पुढेच बसायच्या, मांडीवर तांदूळ निवडत.

हे सगळं आता पानावर आहे. अमेरिकेतसुद्धा दिसतं म्हणे. तिथे कोण बघणार, पण दिसतं.

१९ जानेवारी, गुरुवार

पानावर पाटी लागली! संदर्भ नाही. सात दिवसांत दिला नाही तर पान काढून टाकणार.

"अगं, मी आहे ना संदर्भ! डोळ्यांनी बघितलंय."

"माणूस चालत नाही, आजोबा. छापलेलं लागतं."

म्हणजे मी आहे, वहिनी आहेत, दोघंही बोलतोय-चालतोय – तरी चालत नाही. कागद चालतो. जेवण गेलं नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

पेटी उपसली, माळा उपसला. सून म्हणाली, "बाबा, प्रदर्शन छान मांडलंय. तिकीट लावायचं का?"

सापडलं! उद्घाटनाचं हँडबिल. गुलाबी कागद, घडीवर विरलेला. प्रियदर्शनीनं हातातून ओढूनच घेतलं. खाली छापलंय – संस्थापक : उत्तरेश्वर ओव्हाळ.

"आजोबा! फाउंडर तुम्ही? आणि एक शब्द बोलला नाहीत?"

म्हटलं, छापखान्याची चूक असेल. वहिनींनीच काढलं वाचनालय. ती ऐकेना. "पुरे हो तुमचा साधेपणा! छापलंय ते काय खोटं?" फोटो काढला, पानाला जोडला. पाटी गेली. वहिनींचं नावही गेलं. तिथे आता माझं.

२१ जानेवारी, शनिवार

पान चार वेळा उघडायला लावलं. बरं वाटलं. हे लिहायला नको होतं.

२२ जानेवारी, रविवार

मांजरी गावाला गेलो. वहिनी आता तिकडे असतात, मुलाकडे. ऐंशी उलटली. कान तिखट आहेत अजून.

"जयभीम, वहिनी."

"आलास? कोण गेलं?"

"कोणी नाही. सहज."

"सहज कधी येतोस तू! बस, चहा घे."

पानाचा छापील कागद नेला होता. विचारायचं होतं – छापखान्याच्या चुकीनं तुमच्या जागी माझं नाव लागलंय, काय करू? पण आधी नुसतं म्हटलं, वाचनालयाचं पान झालंय, जगात कुठेही दिसतं. "मग वाच की," म्हणाल्या. वाचू लागलो. नावाशी आलो. 'या वाचनालयाची स्थापना' – आणि तोंडातून निघालं, 'इंदुबाई रोकडे यांनी केली.'

वहिनी हसल्या. तोंडात दात नाही. "परत वाच."

परत वाचलं. तसंच.

मागे त्यांची सून उल्का उभी होती, हातात कप. तिची नजर कागदावर. कप माझ्या हातात देताना एवढंच म्हणाली, "काका, छान वाचता हो तुम्ही."

चहा कसा होता आठवत नाही.

२३ जानेवारी, सोमवार

प्रियदर्शनीला विचारलं, माझं नाव काढता येईल? म्हणाली, "काढलं तर कोणीतरी परत घालेल, कागद तसा आहे ना. कागदच खोटा असला तर पानामागे 'चर्चा' असते, तिथे लिहावं लागेल. नाव घालून."

"मग पान राहील?"

"नाही सांगता येत. तेवढाच एक संदर्भ आहे."

दिवसभर दारात बसून होतो.

२४ जानेवारी, मंगळवार

चर्चेत लिहिलं. मी सांगितलं, तिनं टाइप केलं. मधे एकदा बोटं थांबली. माझ्याकडे बघितलं नाही तिनं.

'छापखान्याची चूक नाही. हँडबिलाचा मजकूर मी लिहून दिला होता. इंदुबाईंनी त्यांचं नाव घालायला सांगितलं होतं. मी माझं घातलं. छापून आल्यावर त्या म्हणाल्या, वाचून दाखव. मी त्यांचं नाव वाचलं. मग त्यांनी ते स्वतः घरोघर वाटलं. – उत्तरेश्वर ओव्हाळ.'