बिजागरीच्या बाजूने

१२ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. कितीदा लिहायला बसले आणि भाजी निवडायला उठले. घरी सगळे बरे. तुझे भावोजी गुडघा धरून बसलेत आणि दोष जिन्याला देतात.

तू वॉर्डातून दोनच ओळी पाठवल्यास. "माझं कुलूप कोणी उघडलं?" आणि "परतल्यावर खोलीला कडी नसेल तर मी येणार नाही."

कुलूप कोणीच उघडलं नाही. तुझ्या कुलपांच्या दुकानातला भागीदार आला होता. दाराला कान लावून त्याने विचारलं, "उघडू का रे?" तू आतून म्हणालास, "नको." त्याने हत्यारं पिशवीत भरली. "ताई, आतला माणूस नको म्हणतो तिथे आम्ही हात लावत नाही. नियम यानेच घातलाय."

"अरे, पाण्यात विष आहे म्हणून दोन दिवस थेंब घेतला नाही त्याने! मरेल तो."

त्याचे डोळे भरले, पण पिशवी काही उघडली नाही. मग मी सुताराला आणलं. दार बाहेर उघडतं, म्हणजे बिजागऱ्याही बाहेरच. त्या काढून त्याने दार भिंतीला टेकवलं, तेव्हाही तुझं कुलूप बंदच होतं.

दवाखान्याची गाडी शेजाऱ्यांनी बोलावली, असं तुला वाटतं. मी वाटू दिलं. बोलावली मीच.

तेव्हापासून एक कोडं सुटत नाही. ते "नको" तुझं होतं की आजाराचं? लहानपणी तू "नको" म्हणायचास आणि मी ताटात वाढायचेच, त्यामुळे माझ्या कानांवर माझाच भरवसा नाही. आतून फरक कळतो का रे? मला खरंच समजून घ्यायचंय. पुन्हा पाणी सोडलंस तर मी पुन्हा दार काढीन, हे आधीच सांगते. पण त्याआधी किती थांबायचं, हाक कोणी मारायची, कोणत्या डॉक्टरांना बोलवायचं, हे आत्ता, डोकं शांत असताना, तू ठरव.

डॉक्टर म्हणतात, इतक्यात कडी नको. तुमच्या वॉर्डातल्या न्हाणीघराची कडी मी निरखून पाहिली. आतून लागते, बाहेरून नाण्याने फिरते. तेवढ्या कडीला डॉक्टर कसेबसे कबूल झाले. तुझा भागीदार म्हणाला, "ताई, ती कडी नव्हे, शोभेची वस्तू." परिचारिकेला विचारलं, तर ती म्हणाली, "हाक मारल्याशिवाय आम्ही फिरवत नाही." म्हणजे कडी अर्धी लोखंडाची आणि अर्धी शब्दाची. तशी एक आणलीय. भागीदार बसवायला तयार नाही. म्हणतो, आधी खोलीच्या मालकाला विचारा.

तुझी,
दार काढणारी ताई

उद्याचं काम: कडी घेऊन वॉर्डाच्या दाराशी येणे, हे पत्र आत पाठवणे, आणि तू "ये" म्हणेपर्यंत बाहेर थांबणे.