दुसरी जॉयस्टिक

चारठाणा, सोमवार, १५ नोव्हेंबर १९९३

गेमच्या कॉम्प्युटरच्या सामानाची यादी आज बजेटात बसली. रंगीत मॉनिटर आधीच खोडला होता, तरी स्टॅबिलायझरला पैसे कमी पडत होते. तो नसला तर इथल्या व्होल्टेजनं मशीनच जळेल.

संध्याकाळी गंगाधर आला. शाळेपासूनचा दोस्त. म्हणाला, "नोकरी लागली, पुण्याला जायलोय. आता खेळ एकटाच. तसंबी मला कधी जिंकू दिलास?" हसला. मीही हसलो बहुतेक.

तो गेल्यावर दुसरी जॉयस्टिक खोडली. तेवढ्या पैशांत स्टॅबिलायझर बसला. आनंद व्हायला हवा होता ना? काहीच वाटत नाही. बेरीज तीनदा तपासली, बरोबर आहे.

ती दुसरी जॉयस्टिक... परभणीच्या दुकानात मोटारींचा गेम पाहिला होता. दोघांची शर्यत एकट्यानं लावली की दुसरी मोटार सुरुवातीच्या रेषेवर नुसती उभी राहते.