रोहिणीकाठची मूठ

जांभळवाडी, ता. औसा, जि. लातूर
२४ एप्रिल १९८३

चि. भुजंग यास,
तारामतीअक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझे पाकीट काल पोचले. बुद्धपौर्णिमेच्या पुस्तिकेच्या चित्राचे प्रूफ मंडळाच्या सरजाबाईंना देण्याआधी मी स्वतः पाहिले, हे बरे झाले. एका काठाला शाक्य, दुसऱ्या काठाला कोलीय, मधे आटलेली रोहिणी, पाण्यावरून दोन्हीकडची माणसे उठलेली आणि मधोमध भगवंत उभे. तो चेहरा इतका शांत उतरलाय की मी आधी हात जोडले. मग कोलीयांच्या पुढच्या माणसाकडे नजर गेली आणि जोडलेले हात सुटले. काठी उगारलेला तो माणूस आमचे रामकिशनराव आहेत. तेच रुंद कपाळ, डाव्या भुवईतली खोक, ओठ मुडपायची तीच तऱ्हा. संक्रांतीला आलास तेव्हा ते कुणाच्या तरी गाईमागे काठी घेऊन धावले होते आणि तू बांधावर वही धरून उभा होतास. मला वाटले, बाभूळ काढतोयस.

गावच्या तीन विहिरी तळाला गेल्या. आपल्या वस्तीची अठ्ठेचाळीस घरे रामकिशनरावांच्या मळ्यातल्या विहिरीवर जगून राहिली आहेत. सकाळी सहा ते आठ ते फाटक उघडतात. पाळीची वही माझ्याकडे असते, म्हणून कुणाच्या घरी किती घागरी जातात ते मला झोपेतही सांगता येईल. बहात्तर साली त्यांच्या वडिलांनी एका शब्दावरून फाटक लावले, ते बावीस दिवस उघडले नाही. मी तेव्हा नवी नवरी. तीन कोसांवरून पाणी आणलेले हे डोके अजून दुखते.

आणि आपल्या मंडळाची रीत तुला ठाऊक आहे. ज्या घरच्या पाण्यात पौर्णिमेची खीर शिजते, त्या घरी पुस्तिकेची पहिली प्रत जाते. यंदा ते घर त्यांचे. तेव्हा चेहरा बदल, बाबा.

दुपारचा उन्हात फिरू नकोस. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी
तारामतीअक्का


नांदेड, २ मे १९८३

ती. अक्कास,
भुजंगचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळाले. अक्का, मनाने चेहरा काढता येत नाही मला, हे तुझ्याइतके कुणाला ठाऊक आहे? मनाने काढले की सगळे जत्रेतल्या बाहुल्यांसारखे एकाच साच्यातून निघतात. म्हणून नायगावच्या शाळेत शिकवायला जाता-येता, एस.टी.त, बाजारात, दिसेल तो माणूस वहीत उतरवून ठेवतो. चित्रात लागेल तेव्हा त्यातूनच उचलतो.

दर रविवारी आम्ही पाच-सहाजण विष्णुपुरीला नदीच्या घाटावर बसतो. चित्रे काढायची, मग कागद जमिनीवर मांडायचे आणि एकमेकांची सालटी काढायची, असा आमचा धर्म. त्यात देगलूरकडचा वीरण्णा आहे, दुकानांच्या पाट्या रंगवतो. तो सख्ख्या बापाच्या रांगोळीतही खोट काढील. हे चित्र त्याने लई वेळ पाहिले आणि म्हणाला, हा काठीवाला समोर आला तर मी दोन पावले मागे सरेन. या एका वाक्यासाठी मी सहा वर्षे त्या घाटावर बसलोय.

शिवाय छपाईचा जस्ताचा ब्लॉक हैदराबादहून होऊन आला. नवा करायचा तर महिना जाईल, आणि पौर्णिमा सव्वीसला. उगीच घाबरू नकोस. रागातला आपला चेहरा कुणी आरशात पाहिलेला नसतो. ते स्वतःला ओळखायचे नाहीत. आणि शाक्यांच्या बाजूला दगड उचललेले आपल्या वस्तीतले भीमाकाका आहेत, ते तुला दिसले नाहीत का? पाण्यावर भांडणारी माणसे काढायची, तर पाण्यावर भांडणाऱ्यांचेच चेहरे नको का घ्यायला?

श्रीमंतभावजींना जयभीम. लोभाला टंचाई पडू नये.
तुझा
भुजंग


जांभळवाडी, ११ मे १९८३

चि. भुजंग यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आज हाती पडले. पत्त्यावर तू जि. उस्मानाबाद लिहिलेस, ते तिकडे फिरून आले. लातूर जिल्हा होऊन नऊ महिने झाले. तुझे भावजी त्याच नव्या कचेरीत शिपाई आहेत, आणि तुझ्या हाताला जुनीच सवय. नऊ दिवस गेले रे त्यात.

इथे पाणी आणखी खाली गेले. फाटक आता सहा ते सातच. परवा एका घागरीवरून भीमाकाका आणि मळ्यातला गडी यांची जुंपली. रामकिशनराव बाहेर आले, काठी हातात, हुबेहूब तुझ्या चित्रातल्यासारखे उभे राहिले. मारले नाही. एवढेच म्हणाले की, आणखी एक शब्द निघाला तर फाटक लावीन. बायका रिकाम्या घागरी काखेत धरून माघारी वळल्या. वहीत नऊ घरांपुढे मी फुली मारली. त्यांना पाणी मिळाले नाही.

भीमाकाकांच्या हातातला दगड मला पहिल्याच दिवशी दिसला होता. लाज वाटली म्हणून लिहिले नाही. चित्र खोटे नाही, भुजंग. खोटे असते तर मी एवढी भ्यायलेच नसते. पण भीमाकाकांच्या हाती फाटक नाही.

वंदनेला बसते आणि मन त्या कडी-कोयंड्यापाशी जाते. वीरण्णाची दोन पावले मोठी, का अठ्ठेचाळीस घरे, ते तूच ठरव. तुझ्याने होत नसेल तर प्रती आल्यावर ते पान मी माझ्या हाताने फाडीन. तू लहानपणी भिंतीवर कोळशाने काढलेले बैल मी तीन वर्षे आईच्या सारवणाच्या पोताऱ्याखाली जाऊ दिले नव्हते. माझ्यावर तुझे चित्र फाडायची वेळ आणू नकोस.

असाच जीव लावून रहा.
तारामतीअक्का


नांदेड, १८ मे १९८३

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

ब्लॉक वीरण्णाकडे नेला. ब्लॉकवर जे उंच असते त्यालाच शाई लागते. म्हणजे खरवडून काढता येते, नव्याने घालता येत नाही. चेहरा खरवडला असता तर धडावर पांढरे भोक दिसले असते. म्हणून काठी काढली. वीरण्णाने ब्लॉक दाबून धरला, कोरणी मी चालवली.

मूठ मात्र उघडता येईना. आता एक माणूस हात वर करून उभा आहे आणि मुठीत काही नाही. चित्र लंगडे झाले. माझे वाटेना, म्हणून कोपऱ्यातले माझे नावही खरवडून टाकले. परवाच्या रविवारी विष्णुपुरीला गेलो नाही.

तीनशे प्रती एस.टी.ने पाठवल्या आहेत. भावजींनी लातूरच्या स्टँडवरून घ्याव्यात. या वेळी पत्त्यावर जि. लातूर लिहिले आहे.
तुझा
भुजंग


जांभळवाडी, २८ मे १९८३

चि. भुजंग यास,
तारामतीअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पौर्णिमा पार पडली. सविस्तर लिहिते, धीर धरून वाच.

पहिली प्रत घेऊन मी आणि सरजाबाई मळ्यात गेलो. रामकिशनराव ओसरीवर होते. खिरीचा डबा बाजूला ठेवून त्यांनी चित्राचे पान उघडले. बराच वेळ पाहिले. मग त्यांचे बोट आपसूक डाव्या भुवईवर गेले. भुजंग, ओळखतो रे माणूस स्वतःला. त्यांनी विचारले, याच्या मुठीत काय आहे? सरजाबाईंनी माझ्याकडे पाहिले. काहीही सांगता आले असते. पण खोटे न बोलण्याचे शील मी रोज तोंडाने म्हणते, आणि पौर्णिमेच्या दिवशी जीभ वळेना. म्हटले, काठी होती, काढून टाकली. त्यांनी विचारले, का? मी म्हटले, तुमच्या भीतीने.

सरजाबाईंनी माझा पदर मागून गच्च धरला.

तेवढ्यात त्यांच्या आई, धुरपताबाई, आतून आल्या. ऐंशीच्या पुढे आहेत. कागद नाकाला लावून पाहिला आणि म्हणाल्या, ह्यी काठीची मूठ न्हाई. दोराची हाय. रहाटावरचा दोर धरायला हात असाच वर जातो. बावीस दिवस फाटक लावलं तवा आतून मीच वढत होते आन् पलीकडून तुमच्या बाया बघत होत्या. मग मला म्हणाल्या, वहीचा पेन हाय न्हवं तुझ्याकडं? काढ दोर. रामकिशनरावांनी पुस्तिका ओसरीवर उघडीच ठेवली.

रांगोळीपलीकडे मी जन्मात काही काढलेले नाही. मुठीतून रेघ सुरू केली ती सरळ खाली न्यायची होती. पण पेन वाकडा सरकला. रेघ नदीवरून पलीकडे गेली आणि भीमाकाकांच्या दगडाच्या हाताला जाऊन टेकली. मुद्दाम नाही नेली. रामकिशनराव एवढेच म्हणाले, दोर वाकडा आला. आणि पान मिटून कोनाड्यात ठेवले.

काल सकाळी मी अंधारातच फाटकापाशी जाऊन बसले. सहाला कडी वाजली. सातला फाटक लागले, आठपर्यंत काही उघडे ठेवले नाही. पण काल आणि आज वहीत एकही फुली नाही.

बायका आता आपापल्या प्रतीवर दोर मागून राहिल्या आहेत. सरजाबाई कालपासून दहा-पंधरा प्रती आणून टाकत आहेत. माझे सगळे दोर वाकडे, आणि दर खेपेला निराळे. वीरण्णाला सांग, सालटी काढायची असतील तर माझी काढ म्हणावे. येत्या रविवारी तू मात्र घाटावर जा.

धुरपताबाई विचारीत होत्या, हे कुणी काढले. मी म्हटले, माझ्या भावाने. त्या म्हणाल्या, मग नाव का न्हाई? त्या प्रतीचा कोपरा मी मोकळा ठेवला आहे. दोर मी काढला, नाव मी लिहिणार नाही. ते लिहायला तू ये, आणि त्यांच्या ओसरीवर बसून लिही.

वाट पाहते.
तुझी
तारामतीअक्का