हजेरीचा देव

बेलटोला, ता. मूल
११ मार्च २०२५

प्रिय सोमारी,

जय सेवा, आणि माझ्याकडून जय भीम. ऊन तापायला लागलं, म्हणजे तुझ्या गुडघ्यांना आराम पडला असेल. तुझ्या दीपिकाचा नर्सिंगचा निकाल लागला का? मागे फोनवर विचारलं, पण तुमच्याकडचं नेटवर्क असं की मी निकाल विचारते आणि तू म्हणतेस, 'हो, वांगे लय झाले यंदा.'

आज तांदूळ निवडता निवडता एकटीच हसले. पाचवीचा वर्ग आठवला. तू आरमोरीकडून नुकतीच होस्टेलला आली होतीस. सिस्टर आग्नेस डिक्टेशन द्यायला उभ्या राहिल्या आणि तुझे हात रिकामे. 'सोमारी, व्हेअर इज युवर पेन?' त्यातला एकच शब्द तुला ओळखीचा वाटला. तू ताठ उभी राहून म्हणालीस, 'गावाले हाय, सिस्टर. मोठ्या झाडाखाली. बुढे लोकच त्याले बाहेर काढतेत.' सगळा वर्ग खिदळला. सिस्टर म्हणाल्या, दिवाळीच्या सुट्टीत जाशील तेव्हा घेऊन ये. तुझा चेहरा पांढरा पडला. 'त्याले एस.टी.त कसा आनू?'

तुमच्या गोंडीत पेन म्हणजे देव, हे तू मला नळापाशी ताट धुताना सांगितलंस. मग विचारलंस, 'तुमचा पेन कुठी रायते?' मी ऐटीत सांगितलं, आमच्यात नसतो. माझ्या जन्माआधी, छप्पन साली, बाबांनी चांद्याला दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. कोनाडा तेवढा राहिला. त्यात आई कधीच काही ठेवत नसे. बुद्धांची तसबीर समोरच्या भिंतीवर होती, तिथेच आम्ही हात जोडायचो. पण दिवेलागणीला आईचा हात आधी कोनाड्याकडे वळायचा आणि मध्येच पदर सारखा करून परत यायचा. हे तुला सांगितलं नव्हतं. तू म्हणालीस, 'मंग भेव लागलं त कोनाले सांगतेस?' मी म्हटलं, कोणालाच नाही. मी दोन दिवसांची उपाशी असल्यासारखं तू माझ्याकडे पाहिलंस आणि आपल्या ताटातला गूळ मला दिलास.

बरं. आमचा आयुष रविवारी पुण्याहून येतो आहे. मला नागपूरला न्यायचं म्हणतो. तिकडे थोडं काम आहे, ते पुढे लिहिते. त्याआधी दुसरंच सांगायचं आहे, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

सर गेले तेव्हा तू आली होतीस. पण नंतर इथे काय झालं, ते तुला कोणी सांगितलं नसेल. मीही टाळलं. सर कसे गेले ते तुला ठाऊक आहे. सकाळचे फिरायला सायकल घेऊन निघाले, नाल्याच्या पुलाशी चेन उतरली, ती चढवायला खाली बसले. बसलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, असं वनखात्याचे लोक म्हणाले. एवढंच. चेन उतरली नसती तर घरी येऊन माझ्या हातचा चहा प्यायले असते. लोक म्हणतात, देवाच्या मनात होतं. अशा वेळी मला सिस्टरांचा देव, तुझा पेन आणि बाबांनी नदीत सोडलेले सगळे एका ओळीत उभे करून विचारावंसं वाटतं, तुमच्यापैकी कोणाच्या मनात एक सायकलची चेन होती?

तेव्हा सरांना जाऊन महिना झाला असेल. शेजारची सोनीबाई सरपण आणायला नाल्याकडे गेली आणि मोळी टाकून धावत आली. माझ्याच ओट्यावर धाप टाकत बसली.

'काय झालं गं?'

'बाई, सरांनी मले नाव घेऊन पुकारलं. अख्खं नाव. सोनी सुखरू मडावी! दुसरीत घेत होते ना, तसंच.'

मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, उन्हात कानात भणभणतं तसं झालं असेल. ती पाणी प्याली आणि म्हणाली, 'भणभण मले बापाच्या नावासकट कशी बलावन?'

मग वारलूला ऐकू आलं. वारलू आता जंगलात वॉचर आहे, सरांच्या हाताखाली चौथी तीनदा बसलेला. मग आणखी चार-पाच जणांना. तुझ्याकडेही मानतात ना, वाघाने मारलेला माणूस वाघाच्या पाठीवर बसतो आणि ओळखीच्यांना हाका मारून जवळ बोलावतो? म्हणून जंगलात हाक आली तर ओ द्यायची नाही. आता सर तर तीस वर्षं या गावाचे मास्तर. गावातलं एक नाव असं नव्हतं जे त्यांना पाठ नाही. दुसरं कोणी वाघावर बसलं असतं तर चार नावं घेऊन दमलं असतं.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. ती मला वारलूने सांगितली.

'ओ देली त वाघ नेते. बराबर? पण सरांनी नाव घेतलं अन् गप रायलो, असं कधी झालं नाई ना बाई. तोंड आपोआप उघडते. मागच्या आठवड्यात मी दोन्ही हातानं तोंड दाबून पळालो.'

'मग?'

'मंग मीच आयडिया काढली. पुलाजवळ सरांच्या नावाचा एक दगड बसवला. जाता-येता जो तो एक डहाळी टाकते अन् आधीच म्हन्ते, हजर, सर. सगळे हजर हायत म्हटल्यावर सर हाक कायले मारतीन?'

सोमारी, मी त्याच्यावर किती ओरडले म्हणून सांगू! ज्या माणसाने भानामतीवाल्याला शाळेच्या पटांगणात सगळ्यांसमोर उघडं पाडलं, लिंबू-मिरच्या उचलून घरी आणून त्यांचं लोणचं मला घालायला लावलं, त्याचा तुम्ही दगड केलात? वारलूने खाली मान घालून ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'दगडाले कोन हजर म्हन्ते बाई? सरांना म्हन्तो.' आणि मग हळूच, 'खरं सांगू? आवाज आला का नाई, मलेच समजत नाई. पाय थांबले, एवढं खरं.'

तेव्हापासून त्या वाटेवर वाघाने कोणाला नेलं नाही. वनखातं म्हणतं, तो वाघ दुसऱ्या बाजूला सरकला. गाव म्हणतं, हजेरी पूर्ण असते.

यंदाच्या पुण्यस्मरणाला आयुष आला आणि पुलाकडे गेला. दगडाला शेंदूर लागलेला, नारळ फोडलेला, कोणीतरी कोंबडंही कापलेलं. तो परत आला तो दारातूनच म्हणाला, 'आई, बाबांना यांनी दुसऱ्यांदा मारलं.' मी त्याला चूक म्हणू शकले नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः शेंदूर खरवडला आणि वारलूला बजावलं, नारळ नाही, कोंबडं नाही. तो म्हणाला, 'सरांना कोंबडी लय आवडे ना पण.' मी म्हटलं, 'शिजवलेली आवडायची, मेल्या!' आम्ही दोघं हसलो. आयुष हसला नाही.

नाल्यावर नवा पूल होतो आहे. आयुषने सरपंचांशी बोलून ठेवलंय. रविवारी येईल तेव्हा मशीन असेल, दगड उचलून मातीत घालायचा. सरपंच म्हणाले, बाईंनी हो म्हटलं तर गाव आडवं येणार नाही. म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर आहे, आणि कालपर्यंत तो शब्द माझ्याकडे नव्हता.

आता जे लिहायला इतकी पानं घालवली ते लिहिते.

मी तिथे जाते. आयुषला वाटतं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून फिरायला जाते. दुपारच्याला पुलाच्या कठड्यावर जाऊन बसते. लोक येतात, डहाळी टाकतात, हजर सर म्हणतात, मला नमस्कार करून पुढे जातात. शाळेत न गेलेली म्हातारी माणसंसुद्धा म्हणतात. सगळे गेले की मी कान देऊन बसते. पळसाची फुलं पडतात, त्यांचा आवाज येतो. खालून वाळकी पानं सरकतात, तेव्हा छातीत धस्स होतं आणि, खोटं कशाला बोलू, आनंदही होतो.

मला काहीच ऐकू आलेलं नाही, सोमारी. एकदाही नाही. ज्याने चौथी तीनदा केली त्याला हाक येते. जिला सर 'सोनी, तुझी बकरी पुन्हा माझ्या वांग्यात' एवढंच बोलायचे, तिला येते. आणि मी बेचाळीस वर्षं त्यांच्या पानाला पान लावून जेवले.

मी हिशेब लावायचा प्रयत्न केला. वाटलं, मी त्यांच्या हजेरीत कधी नव्हतेच, म्हणून. मग आठवलं, त्यांनी मला नावाने कधी हाकच मारली नाही. त्या पिढीत कोण मारायचं! स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणायचे, 'ऐकलं का?' हीच माझी हाक. बेचाळीस वर्षं. आता तिथे बसून मी त्याच दोन शब्दांची वाट पाहते आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच असतं, की नाही ऐकलं.

एकदा मी सिस्टरांची प्रार्थना इंग्रजीत म्हणून पाहिली, पूर्ण पाठ आहे अजून. मग त्रिसरण म्हटलं. तुझ्या पेनालाही साकडं घातलं असतं, पण त्याची भाषा मला येत नाही. नंतर लाज वाटली. देव आहे म्हणून मी काही मागत नव्हते. नवरा नाही म्हणून मागत होते. मला वाटतं पुष्कळांचं असंच होत असेल, नाहीतर इतक्या शहाण्या माणसांचे इतके देव कुठून आले असते? आणि काहींच्या बाबतीत, माझ्यासारख्या, तेवढंही जमत नाही. आतलं दार बाबांनी चांगलं घट्ट लावलेलं. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. त्या दारामुळे मी शिकले, सरांशी लग्न केलं, कोणापुढे वाकले नाही. पण थंडी बाहेर राहते तशी हाकही बाहेरच राहते.

आयुषला काल फोन केला. सांगितलं, दगड हलवायचा नाही.

तो म्हणाला, 'आई, तूपण?'

'मी नाही रे मानत.'

'मग कशासाठी?'

'गावाला अजून ते ऐकू येतात. ते मी का बंद करू?'

'आणि तुला? तुला काय येतं ऐकू?'

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. सोमारी, चुलीवर काही नव्हतं.

आता नागपूरचं. छातीत गाठ आहे. पुढच्या बुधवारी काढणार. डॉक्टर भला माणूस आहे, पण 'बघू' हा शब्द फार वापरतो. तू येताना रडत येऊ नकोस. सर गेल्यावर तू माझ्या शेजारी बसून म्हणाली होतीस, 'तो कुठी गेला नाई.' तेव्हा मला तुझा राग आला होता. यावेळीही तसंच काही म्हण, पुन्हा रागवावं म्हणते.

शनिवारपर्यंत इकडे ये आणि मी परतेपर्यंत घरात राहा. जास्तीची किल्ली सोनीबाईकडे आहे. रविवारी मशीन आलंच तर आयुषशी भांडू नकोस, फक्त दगडाजवळ जाऊन बस. तुला उठवायची त्याची छाती होणार नाही, तुझ्या मांडीवर वाढलाय तो.

आणि मी परत आले नाही तर.

शिवणयंत्र दीपिकाला. निकाल काहीही लागो. माझी जांभळी पैठणी सूनबाईला, रंजीताला दे. तिने ती कधी मागितली नाही, म्हणून. सरांची पुस्तकं शाळेला, कपाटासकट. बुद्धांची तसबीर आयुषला, ती त्याचीच आहे. सिस्टर आग्नेसनी दिलेली माळ मी आजवर कोणाला दाखवली नाही. ती तू ठेव, तुझ्या घरात कोणत्याही देवाला जागा असते. सायकल वारलूला. चेन नवीन बसवून घे म्हणावं.

दगड कोणालाच नाही. तो तिथेच. माझ्यासाठी त्याच्या शेजारी दुसरा ठेवू देऊ नकोस, वारलू कितीही आयडिया काढो. माझी राख वैनगंगेत सोडा.

शेवटचं एक, हे नीट लक्षात ठेव. पुढे कधी सोनीबाई किंवा कोणी सांगत आलं, की बाईंची हाक ऐकू आली, तर हसू नकोस, आणि हो-नाही काही म्हणू नकोस. बाई काय म्हणाल्या, कोणाचं नाव घेतलं, ते सगळं विचारून घे आणि आयुषला फोन कर. तो चिडेल, तुला अडाणी म्हणेल. तरी सांग. त्याला स्वतःला काही ऐकू येणार नाही, तो माझाच मुलगा आहे.

तुझी,
कान देऊन बसलेली
विशाखा