किल्ली मुक्ताच्या खात्यात

३ जानेवारी, शनिवार. द्वारका, दिल्ली.
वसुधाच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवायचे अखेर ठरले. विंडोज काढायचे नाही, कारण रेकॉर्डिंग कापण्या-जोडण्याचा तिचा प्रोग्रॅम त्यावरच चालतो. म्हणजे एका डिस्कवर दोन प्रणाली. सुरू करताना लॅपटॉपच विचारतो, कुठे जायचे? महाराष्ट्र मंडळात ज्येष्ठांसाठी मी दर शनिवारी संगणकाचा वर्ग घेतो, तिथे हे फळ्यावर आकृती काढून शिकवलेले आहे. तीच आकृती चहाच्या वेळी व.ला काढून दाखवली: जागेचा एक तुकडा मोकळा करायचा, त्यावर दुसरे घर बांधायचे, जुन्या घराच्या भिंतीला हात लावायचा नाही. ती म्हणाली, "अहो, तुम्ही इतकं छान समजावता ना, तेव्हाच मला धास्ती वाटते."
डेस्कटॉपवरचे तिच्या रेकॉर्डिंगचे 'आवाज' हे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतले. आधी बॅकअप, मग बाकीचे. नियम म्हणजे नियम.

४ जाने., रवि.
बाहेर धुके, घरात उत्साह. मोकळी जागा काढली, सेटिंगमध्ये 'सिक्युअर बूट' हा सुरुवातीचा पहारा बंद केला, लि. बसवले. यादी दिसली! वर लिनक्स, खाली विंडोज. व.ला हाक मारून दाखवली. मग विंडोज निवडले.
निळा पडदा. डिस्क कुलूपबंद आहे, अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की भरा.
कारण मला समजते, हाच जाच आहे. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेले असते आणि आतली सुरक्षा चिप रोज ते निमूटपणे उघडून देते. मी सुरुवातीची व्यवस्था बदलली, तेव्हा चिप बिथरली. बदल मागे घेतले असते तर बहुधा तिने पुन्हा ओळखले असते. पण त्या गडबडीत 'चिप मूळ स्थितीत आणा' हा पर्यायही मला मागे घेण्यापैकीच वाटला. त्याने चिपची स्मृती पुसली गेली. आता मार्ग उरला एकच, ती अठ्ठेचाळीस अंकी किल्ली.
व.ला म्हटले, काळजी नको, पेन ड्राइव्ह आहे.

५ जाने., सोम.
पेन ड्राइव्हवर 'आवाज' आहे. आकार दोन केबी.
डेस्कटॉपवर होता तो शॉर्टकट. खरे फोल्डर डिस्कच्या पोटात, कुलपामागे. मी दारावरची पाटी उचलून आणली आणि घर आणले असे समजलो. शॉर्टकटच्या चिन्हाला कोपऱ्यात बाण असतो, तो बघत जा, असे वर्गात किती वेळा…
व. मटार सोलत होती. ओरडली नाही. एवढेच विचारले, "लेलेमावशी त्यातच आहेत का?" हो म्हणालो. लेलेमावशी दिवाळीत गेल्या. नवी नवरी म्हणून सरकारी क्वार्टरमध्ये आल्या तेव्हापासूनचे सगळे त्या व.च्या रेकॉर्डरसमोर बोलल्या होत्या. तशाच लष्करी छावणीतल्या, क्वार्टरमधल्या किती जणी. पहाडगंजच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून व.ने दुसरे काही केलेले नाही. दाणे घेऊन ती आत गेली, टरफले माझ्यासमोर राहिली. काही सुचवायचे नसावे.

६ जाने., मंगळ.
डेटा काढून देणाऱ्या एका दुकानदाराला फोन. निम्मे ऐकून त्याने विचारले, "अंकलजी, की है?" नाही म्हटले. "तो फिर ईंट समझो।" म्हणजे लॅपटॉप नव्हे, वीट.
लॅपटॉप प्रथम सुरू करताना ज्याचे विंडोजचे खाते घातले जाते, त्या खात्यात ही की साठवलेली असते. व.च्या खात्यात पाहिले. काहीच नाही. पहिल्या दिवशी कुणी सुरू करून दिला होता, असे विचारल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला माहितेय कुणी."
मुक्ताने. आईंच्या निवृत्तीची भेट म्हणून लॅपटॉप तिनेच आणला होता. व.चे खाते तेव्हा नव्हते, म्हणून तिने स्वतःचे घातले. आमची सून. कागदोपत्री अजूनही.

८ जाने., गुरु.
निनादला गुरुग्रामच्या ऑफिसात फोन केला. आधी हसला. "बाबा, यार, तुम्ही पण?" मुक्ताचे नाव काढताच वकिलावर आला. घटस्फोटाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. घरच्यांपैकी कुणीही तिच्याशी परस्पर बोलायचे नाही, असे वकिलाने बजावले आहे. मी म्हटले, फक्त अंक विचारीन, त्यापलीकडे एक शब्दही नाही.
"एका शब्दावर थांबणारे आहात का तुम्ही?" मग आवाज उतरला. "प्लीज, बाबा. आईच्या फायलींसाठी माझी केस नका बिघडवू."
मुलाचे चुकले असे म्हणता येत नाही. लिहून ठेवतो, कारण उद्या कदाचित तसे वाटणार नाही.

१० जाने., शनि.
वर्ग घेतला. घडले ते सारे क्रमाने सांगितले, फळ्यावर बाण मोठा काढून. निवृत्त सुभेदार मोहिते म्हणाले, "सर, आमच्याकडे असता तर कोर्ट मार्शलच." सगळे हसले, मीही. मग मागून कुणीतरी विचारले, आता किल्ली मिळवणार कशी? मी पुढचा मुद्दा घेतला.
घरी व.ला म्हटले, मुक्ताला फोन करू या का? तिने हातातल्या रुमालाची घडी घातली.
"वर्षभर मी तिला एक फोन केला नाही. निनादला बरं वाटावं म्हणून. आता गरज पडली तर करू? कुठल्या तोंडाने?"
 

११ जाने., रवि.
ऊन पडले. व. बाल्कनीत कुंड्यांशी. मी आतून मुक्ताला फोन केला. नि.ला विचारले नाही, व.लाही नाही.
लगेच उचलला. 'बाबा' म्हणाली नाही, 'काका'ही नाही. नुसते "बोला". मी पायरीपायरीने सांगू लागलो: कुलूप, चिप, खाते… चिपपाशीच तिने थांबवले. "पडद्यावर की-आयडी असेल. पहिली आठ अक्षरं वाचा." वाचली. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज. मग, "हं, आहे."
कागदावर सहा-सहा अंकांची आठ घरे आखून ठेवली होती. पेन टेकवले.
"आई आहेत का?"
म्हटले, अंक मीच उतरवून घेतो, तिचा गोंधळ होईल.
"अंक देते मी. आधी आईंशी बोलायचंय."
बाल्कनीत जाऊन फोन व.समोर धरला. पडद्यावर मुक्ताचे नाव होते. तिने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. घेणार नाही असेच वाटले. मग घेतला, आणि मला आत जायची खूण करून काचेचे दार ओढून घेतले.
आत बसून हे लिहितो आहे. काचेतून तिची पाठ दिसते. मान हलते, थांबते. बोलते आहे की ऐकते आहे, ते कळत नाही. आखलेला कागद माझ्याजवळ आहे, पेनही. अंक लिहायला तिला नेऊन द्यायला हवे. अजून उठलेलो नाही.